ऑफिस, दुकान, वर्कशॉप: आपत्कालीन तयारी आणि सुरक्षेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआयडीसीतल्या कारखान्यांत सेफ्टीचं काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता लहान ऑफिसं, छापखाने, क्लास, दवाखाने बोलावतात तिथे जातो. सगळीकडे तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली.

आमचं ऑफिस जेमतेम तीस माणसांचं. आम्हाला एवढं सगळं लागतं का?

मोठ्या कंपनीत निदान सेफ्टी ऑफिसर असतो. तुमच्याकडे तो नाही, म्हणून तुम्हाला जास्त लागतं. जाड फाइल मात्र नको. दोन पानं पुरतात: कोण कुणाला फोन करणार, कोणत्या जिन्याने उतरायचं, खाली कुठे जमायचं, माणसं कोण मोजणार आणि किल्ल्या कुठे आहेत. मी पाहिलेल्या बहुतेक आराखड्यांत पहिल्या चार गोष्टी असतात, पाचवी नसते.

सुरुवात कुठून करू?

किल्ल्यांपासून. हे चेष्टेत बोलत नाही. एक दिवस सगळे घरी गेल्यावर वॉचमनला सोबत घेऊन पूर्ण जागा फिरा. मागच्या जिन्याचं दार उघडून बघा. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे, असं त्याला विचारा. ‘साहेबांकडे’ किंवा ‘सोसायटीच्या ऑफिसात’ असं उत्तर आलं, तर तो जिना तुमच्यासाठी नाहीच असं धरा. चोरीच्या भीतीने लोक बाहेर पडायची दारं बंद करतात, आणि आग लागली की तेच दार आतल्यांना अडवतं. आतून नुसत्या धक्क्याने उघडणारा आणि बाहेरून न उघडणारा पॅनिक बार बाजारात मिळतो. चोरीची काळजीही मिटते.

मग जिन्यात काय काय ठेवलंय ते बघा. जुन्या खुर्च्या, फ्लेक्स, पाण्याचे रिकामे जार, गणपतीच्या सजावटीचं थर्माकोल. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत रिफ्यूज एरिया ठेवावा लागतो. आग लागल्यावर लोकांनी थांबायची ती मोकळी जागा असते. तिचं गोदाम किंवा चहाचा कट्टा झालेला मी इतक्या वेळा पाहिलाय, की एखादी रिकामी सापडली की फोटो काढतो.

तिसरी गोष्ट मेन स्विच. तो कुठे आहे हे फक्त इलेक्ट्रिशियनला माहीत असून चालत नाही. चहा आणणाऱ्या मुलालाही माहीत हवं, कारण सकाळी सगळ्यांच्या आधी तोच येतो.

‘फॉर्म बी’ मागतात, तो काय प्रकार आहे?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याप्रमाणे मालकाने किंवा जागा वापरणाऱ्याने आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. परवानाधारक एजन्सी यंत्रणा तपासून हा दाखला देते. तोच फॉर्म बी. भाड्याची जागा असेल तर आधी घरमालकाकडे तो मागा. ‘आहे, देतो’ म्हणाला तर तारीख वाचा.

एजन्सीचा माणूस तपासायला येतो तेव्हा त्याच्यासोबत फिरा. पंप चालू करून दाखव म्हणा, होजमधून पाणी सोड म्हणा. केबिनमध्ये बसून सही करून घेणारे पुष्कळ. कागद खरा असतो, पंप मात्र गंजलेला.

फायर सिलेंडर आहेत. वापरायचे कसे?

पिन ओढा, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. ज्वाळांवर मारून उपयोग नाही, जे जळतंय त्याच्या बुडाशी मारायचं. नेहमीचा पावडरचा सिलेंडर काही सेकंदांतच संपतो, त्यामुळे ‘चला, प्रयत्न करून बघू’ असं म्हणायला वेळ नसतो. कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल, पाठीमागे बाहेर पडायचा रस्ता असेल आणि कुणीतरी फायर ब्रिगेडला फोन लावलेला असेल, तरच हात घाला. नाहीतर दार ओढून घ्या आणि निघा.

एबीसी पावडर कागद, तेल, गॅस, वायरिंग सगळ्यावर चालते, पण संगणकांचं वाटोळं करते. म्हणून सर्व्हरजवळ कार्बन डायऑक्साइडचा ठेवतात. तो उडवताना पुढच्या भोंग्याला हात लावू नका, थंडीने कातडी सोलते. आणि लहान बंद खोलीत तो वापरला की लगेच बाहेर या, तो वायू तुमचाही श्वास कोंडतो. विजेच्या आगीवर पाणी नको, आधी मेन स्विच. कढईतल्या तेलावर तर पाणी कधीच नको.

महिन्यातून एकदा गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघा. लक्षात राहत नसेल तर एक युक्ती सांगतो. खंडेनवमीला आपण यंत्रांना हळदकुंकू लावतो, तेव्हा सिलेंडरलाही लावा आणि तारीख वाचा. उरलेल्या अकरा महिन्यांसाठी फोनमध्ये गजर आहेच.

ऑफिसात आग लागते ती कशामुळे?

बहुतेकदा कंटाळवाण्या कारणांनी. एका एक्स्टेन्शन बोर्डाला जोडलेला दुसरा बोर्ड, दिवसरात्र चालणारा सर्व्हर रूमचा एसी, फुगलेली यूपीएसची बॅटरी, पॅन्ट्रीतली किटली. अलीकडे त्यात भर पडलीय ती ई-स्कूटरच्या बॅटऱ्यांची. लोक त्या वर आणून टेबलाखाली चार्जिंगला लावतात. नियम एवढाच करा: बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग नाही, आणि रात्री कुणी नसताना तर अजिबात नाही. ऑफिसातल्या सत्यनारायणाला माझी हरकत नाही, पण धुराचा डिटेक्टर वाजू नये म्हणून यंत्रणा बंद केली असेल तर आरती झाल्यावर ती परत चालू करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.

आगीपेक्षा धूर वाईट म्हणतात, ते कितपत खरं?

पूर्ण खरं. मुंबईत कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १४ जण गेले. त्यातले बरेच जण प्रसाधनगृहात सापडले. माणूस घाबरला की ओळखीच्या बंद जागेत शिरतो. तिथे धूर शिरला की परतीची वाट नसते. म्हणून नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला दोन्ही जिन्यांवरून प्रत्यक्ष चालवा. नकाशा भिंतीवर लावला म्हणून कुणी वाचत नाही.

धूर वर चढतो, खाली हवा जरा बरी असते, म्हणून वाकून किंवा रांगत जायचं. बंद दार उघडण्याआधी हाताची उलटी बाजू लावून बघा, गरम असेल तर दुसरी वाट. लिफ्ट नाही. वाट बंदच असेल तर खिडकी असलेल्या खोलीत जाऊन दाराच्या फटी ओल्या कापडाने बुजवा आणि खिडकीतून काहीतरी हलवत राहा.

मॉक ड्रिल किती वेळा घ्यायचं? लोक वैतागतात.

वर्षातून दोनदा, आणि त्यातलं एक न सांगता. वैतागू देत.

एक प्रसंग सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत माझ्यासमोर ड्रिल झालं. चार मिनिटांत सगळे खाली, मॅनेजर खूष, टाळ्या. मी म्हटलं, मोजा. मस्टरवर ६४, खाली ६१. तिघे कुठे? दोघे गच्चीवर सिगारेट ओढत होते, त्यांना घंटा ऐकूच गेली नव्हती. तिसरा सापडेना. वीस मिनिटं शोधाशोध, फोनवर फोन. तो सकाळी पंच करून बँकेत गेला होता. खरी आग असती, तर त्याच्यासाठी फायर ब्रिगेडची पोरं धुरात शिरली असती. तेव्हापासून मी किती मिनिटांत उतरलात हे विचारत नाही, किती जण उतरलात ते विचारतो. आणि मोजताना पाहुणे, कुरियरवाला, एसी दुरुस्त करायला आलेला माणूस, हाउसकीपिंगच्या मावशी धरायच्या. मस्टरवर त्यांची नावं नसतात. गेटवरच्या रजिस्टरमध्ये ‘बाहेर गेल्याची वेळ’ हा रकाना असतो, बहुतेकदा कोरा. तो भरून घ्या.

ड्रिलसाठी एप्रिल चांगला. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवर कापूस आणि स्फोटकं एकत्र होती. कापसाला आग लागली आणि बोटीचा स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात जवळच्या केंद्राला विनंती केली तर जवान येऊन प्रात्यक्षिक दाखवतात. त्यांचं ऐकलं की लोक वैतागत नाहीत.

ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांचं काय?

कुबड्या, व्हीलचेअर, गरोदरपण, गुडघ्याचं ऑपरेशन, कमी ऐकू येणं. प्रत्येकासाठी दोन जण आधीच ठरवा, एक रजेवर असेल तर दुसरा. आणि कसं न्यायचं हे त्या व्यक्तीलाच विचारा. मी एका बाईंना उचलायची चोख योजना सांगत होतो. त्या म्हणाल्या, ‘मला उचलू नका, मी बसत बसत उतरते, फक्त मागून धक्का देणारे आवरा.’

बॉम्ब ठेवल्याचा मेल आला. हसण्यावारी न्यायचं का?

नाही. अशा मेलपैकी बहुतेक पोकळ निघतात, पण ते ठरवणं तुमचं काम नाही. मेल पुसू नका, गटांवर पुढे पाठवू नका, ११२ ला कळवा. बॉम्ब शोधक व नाशक पथक पोलीसच पाठवतात.

फोन आला तर ठेवू नका. बोलत राहा आणि शेजाऱ्याला खुणेने बोलवा. वेळ, नेमके शब्द, आवाज, बोलण्याची ढब, मागचा आवाज (गाडी, भोंगा, मुलांचा गलका) लिहून घ्या. कुठे ठेवलाय, कधी फुटणार, असं सरळ विचारा. काही जण चक्क उत्तर देतात. रिसेप्शनच्या टेबलावर या प्रश्नांचा कागद काचेखाली ठेवा.

इमारत रिकामी करायची की नाही हे पोलिसांशी बोलून एकानेच ठरवावं. रिकामी केली तर लोकांनी स्वतःची बॅग घेऊन जावं. आगीत बॅग सोडायची, इथे मात्र न्यायची, म्हणजे मागे राहिलेली वस्तू कुणाची नाही हे लगेच कळतं. आणि नेहमीच्या जमण्याच्या जागी न जाता लांब, काचा आणि उभ्या गाड्यांपासून दूर जमा.

बेवारस बॅग दिसली तर?

हात लावू नका, हलवू नका, पाणी ओतू नका, जवळ उभं राहून मोबाइल लावू नका. लांब होऊन ‘कुणाची आहे’ असं एकदा मोठ्याने विचारा, मग जागा मोकळी करा आणि पोलीस बोलवा. पुण्यात कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० ला स्फोट झाला तो ठेवून दिलेल्या बॅगेतलाच. दहातल्या नऊ बॅगा डबा विसरलेल्या माणसाच्या निघतील. पोलीस त्यासाठी रागावत नाहीत.

हत्यारबंद माणूस आत शिरला तर?

या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या दोन कर्मचाऱ्यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री देऊन ठेवलंय.

सीएसटीवर विष्णू झेंडे गाड्यांच्या घोषणा करत होते. गोळीबार सुरू झाल्यावर ते केबिनमध्येच थांबले आणि प्रवाशांना कुठून बाहेर पडायचं ते माइकवरून सांगत राहिले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे ड्यूटीवर होत्या. वॉर्डात २० गरोदर बायका. त्यांनी दारं लावली, दिवे घालवले, सगळ्यांना पॅन्ट्रीत नेऊन बसवलं.

या दोघांच्या वागण्यात सगळं आलं. वाट असेल तर पळा आणि दुसऱ्यांना वाट सांगा. वाट नसेल तर लपा: दार बंद, त्याला टेबल-कपाट लावा, दिवे आणि फोनचा आवाज बंद, खिडकीपासून आणि दारासमोरून बाजूला. अंगावरच आला तर हाताला लागेल ते घेऊन सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं, पण ते अगदी शेवटी. पोलीस आल्यावर हात रिकामे आणि वर ठेवा, कारण कोण कोण आहे हे त्यांना माहीत नसतं.

आणखी एक. घोषणा करायची सोय तुमच्याकडे आहे का? आगीच्या घंटेने लोक कॉरिडॉरमध्ये येतात, आणि अशा वेळी नेमकं तेच नको असतं. पीए सिस्टिम नसेल तर सगळ्यांचा एक मेसेज ग्रुप ठेवा. त्यावर सुप्रभात टाकणाऱ्याला काढून टाका.

नोकरीवरून काढून टाकलेला माणूस धमक्या देतोय. हे सुरक्षेत येतं का?

येतं, आणि दहशतवादापेक्षा जास्त वेळा येतं. काढून टाकलेला माणूस, देणं थकलेला पुरवठादार, एखादीचा नवरा किंवा मागे लागलेला कुणी. बाईने ‘तो गेटवर येतो’ असं सांगितलं, तर ते घरगुती भांडण म्हणून सोडू नका. फोटो गेटवर द्या, तिची जायची वेळ बदला, तिला गाडीपर्यंत सोडा, तक्रार करायला सोबत जा. ज्याला काढलंय त्याचं कार्ड आणि पासवर्ड त्याच दिवशी बंद. आणि काढताना माणसासारखं वागा. सगळ्यांदेखत दोन वॉचमन लावून बाहेर काढलेल्या माणसाच्या मनात काय साचतं ते मी पाहिलंय.

रात्रपाळीचं वेगळं काय?

रात्री माणसं कमी, किल्ल्याही कमी. महाराष्ट्रात दुकानं-ऑफिसांत स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. गाडीत एखादी एकटी पहिली चढत असेल किंवा शेवटी एकटी उरत असेल तर सोबत गार्ड हवा. ‘पोहोचले’ असा मेसेज येईपर्यंत पाळीप्रमुखाने घरी जायचं नाही. एकट्याने काम करणाऱ्याला दर तासाला फोन.

पाऊस वाढला की लोक ‘निघू का?’ विचारतात. काय सांगू?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी जे ऑफिसातच थांबले त्यांची रात्र खुर्चीत गेली. निघाले त्यांतले कित्येक कमरेभर पाण्यातून रात्रभर चालले, आणि काही जण अडकलेल्या गाड्यांच्या बंद काचांमागे गुदमरले. त्यावरून मी दोन नियम धरलेत. सोडायचं तर लवकर सोडा, दुपारी बाराच्या आत, भरतीची वेळ बघून. ती वेळ गेली असेल तर सोडू नका, थांबवून घ्या. त्यासाठी कपाटात पाणी, बिस्किटं, चटया, टॉर्च, पॉवर बँक आणि सॅनिटरी पॅड ठेवा. तळघरात सर्व्हर, जनरेटर किंवा जुन्या फायली असतील तर मे महिन्यातच वर आणा.

वीज गेली तर? ती काय आपत्ती झाली?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. तुमची लिफ्ट अशा वेळी जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते का? लिफ्टवाल्याला विचारा. आतली बेल वाजली तर ऐकणारं कुणी असतं का, हेही.

आमचं काम साधं आहे, पण शेजारी केमिकल कंपनी आहे.

मग धोका तुमच्याही दारात आहे. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये मोठे स्फोट झाले, तेव्हा लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. स्फोटाचा आवाज आला की लोक खिडकीशी धावतात, आणि दुसरा स्फोट झाला तर काचा तोंडावर. खाली बसा, खिडकीपासून लांब.

वायुगळती असेल तर वारा बघा. झेंडा, धूर, झाडाची पानं, काहीही. वायू ज्या दिशेने वाहतोय त्या दिशेला पळू नका, वाऱ्याला आडवं चालत त्याच्या पट्ट्याबाहेर पडा. बाहेर पडणं शक्य नसेल तर खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट बंद करा, ओला रुमाल नाकाला. शेजारी काय साठवतात ते आधीच विचारून ठेवा. त्यांच्या सेफ्टीवाल्याचा नंबर तुमच्या गेटवर असू दे. मी स्वतः चहाला बोलावून नंबर घेतलेत, पत्रं पाठवून कधी मिळाले नाहीत.

भूकंप?

कोयना १९६७, किल्लारी १९९३. महाराष्ट्र निर्धास्त नाही. हादरे चालू असताना पळू नका, मजबूत टेबलाखाली जा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरा. थांबल्यावर जिन्याने उतरा. उंच कपाटं आजच भिंतीला ठोकून घ्या.

संगणकांवरचा हल्ला या यादीत का?

कारण त्यानेही काम बंद पडतं. २७ जून २०१७ ला जगभर पसरलेल्या एका व्हायरसने न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं आणि कंटेनरच्या गाड्या खोळंबल्या. स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी दिसली तर नेटवर्कची वायर काढा, वायफाय तोडा, पण मशीन बंद करू नका, आतला पुरावा जातो. असा प्रकार सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेला ६ तासांच्या आत कळवायचा असतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

बॅकअपची एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवी. २१ जून २०१२ ला मंत्रालय जळालं तेव्हा माणसं तर गेलीच, फायलीही गेल्या. तुमचा बॅकअप सर्व्हरच्याच टेबलाच्या खणात असेल तर तो सर्व्हरसोबतच जळेल.

प्रथमोपचार पेटीत काय ठेवू?

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने दर १५० कामगारांमागे एक पेटी सांगितली होती. पेटीपेक्षा ती वापरता येणारा माणूस महत्त्वाचा, प्रत्येक पाळीत एक. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. माणूस कोसळला आणि श्वास नाही, तर १०८ ला फोन करायला एकाला लावा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. शेडमध्ये साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, सरळ दवाखाना.

कोणते नंबर लावायचे?

११२ सगळ्यासाठी. १०१ फायर, १०८ रुग्णवाहिका, मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६, जिल्ह्यात १०७७. त्याखाली तुमचा स्वतःचा पत्ता लिहा, जवळच्या खुणेसह. घाबरलेल्या माणसाला इमारतीचं नाव आठवत नाही.

वॉचमनला हे सगळं सांगायचं? तो एजन्सीचा आहे, दर दोन महिन्यांनी बदलतो.

म्हणूनच सांगायचं, दर दोन महिन्यांनी. रात्री तीन वाजता आग लागली तर तुमची सगळी योजना म्हणजे तो एक माणूस. त्याला मराठी-हिंदी जे वाचता येतं त्यात एक पान द्या, फोनमध्ये रिचार्ज आहे ना बघा, आणि मुख्य म्हणजे ‘साहेबांना विचारल्याशिवाय फायर ब्रिगेडला फोन करू नको’ असं कुणी सांगून ठेवलेलं नाही ना, हे विचारा. मला तीन ठिकाणी ‘सांगितलंय’ असं उत्तर मिळालंय.

मालक म्हणतात, ‘आजवर काही झालं नाही.’ त्यांना कसं पटवू?

भाषण देऊ नका. एकदा मी एका साहेबांना संध्याकाळी सातनंतर थांबवलं, कॉरिडॉरचे दिवे घालवले आणि म्हटलं, सातव्या मजल्यावरून मागच्या जिन्याने उतरू, फोनची टॉर्च न लावता. चौथ्या मजल्यावर त्यांचा पाय एका रंगाच्या डब्यात गेला, दुसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप लागलं. आम्ही परत पाच मजले चढून आलो. दाराचं काम करायला लोखंडकामवाला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आला.